प्राण्यांच्या रेखाटनाचा उपक्रम वर्षानुवर्षे चालू ठेवताना

प्राण्यांची चित्रे नियमितपणे काढण्याचा संकल्प पुष्कळजण करतात. त्यांपैकी पहिली वही पूर्ण भरवणारे बरेच कमी असतात आणि तिसरी वही उघडणारे तर मोजकेच निघतात. हात चांगला नाही म्हणून उपक्रम थांबला, असे मी क्वचितच पाहिले आहे. तो थांबतो तो बहुधा आखणीतल्या एका चुकीमुळे. काढणाऱ्याने मनाशी ‘एक पूर्ण, देखणे चित्र’ हे माप धरलेले असते, आणि प्राणी मात्र ते पूर्ण होईपर्यंत जागचा हलणार नाही अशी कुठेच हमी नसते. परिणामी पहिल्या महिन्यातच अर्धवट चित्रांची पाने साचतात, ती पाहून वही उघडण्याचाच संकोच वाटू लागतो आणि मग ती वही हळूहळू इतर पुस्तकांच्या खाली जाते. पुढे दिलेली पद्धत या एका चुकीवरचा उपाय म्हणून बसवलेली आहे. तिच्यात मोजायची ती बैठक, चित्र नव्हे. आणि भर आहे तो नव्या प्राण्यांवर नसून त्याच प्राण्याकडे पुन्हा पुन्हा परत जाण्यावर.

आधी व्याप्ती ठरवावी

‘रोज एक नवा प्राणी’ ही योजना कागदावर फार मोहक दिसते. मीही एकदा शंभर प्राण्यांची यादी करून तिच्यावर भिंग घेऊन बसावे तसा बसलो होतो, आणि तेविसाव्या नावाशी यादी सोडून दिली. तिचा दोष नंतर लक्षात आला. आज कासव, उद्या झेब्रा, परवा घुबड असे केल्यास प्रत्येक दिवशी शून्यापासून सुरुवात होते. कासवाच्या पाठीबद्दल जे कळले ते झेब्र्यासाठी उपयोगी पडत नाही आणि पुन्हा कासवाकडे वळण्याची वेळ येईपर्यंत ते विसरलेले असते. कष्ट होतात, पण साठा वाढत नाही.

त्याऐवजी सुरुवातीच्या वर्षासाठी तीनच प्राणी निवडावेत आणि ते निवडताना त्यांच्यापर्यंत आपली पोच किती आहे, हाच निकष लावावा. पहिला प्राणी रोज सहज दिसणारा असावा: घरातले मांजर, शेजारचा कुत्रा, खिडकीवर येणारे कबुतर किंवा कावळा, काचपेटीतला मासा, अगदी भिंतीवरची पालसुद्धा चालेल. दुसरा प्राणी आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा मुद्दाम जाऊन पाहता येईल असा असावा, उदाहरणार्थ गोठ्यातली गाय, तबेल्यातला घोडा, तळ्यावरचा बगळा किंवा प्राणिसंग्रहालयातले एखादे अस्वल. तिसरा आपल्या केवळ आवडीचा असावा. तो छायाचित्रांतून, चित्रफितींतून किंवा संग्रहालयातल्या सांगाड्यावरूनच अभ्यासता आला तरी हरकत नाही. मात्र एकूण बैठकांपैकी निम्म्या तरी पहिल्या, रोजच्या प्राण्याच्या वाट्याला याव्यात. तो प्राणी सामान्य वाटतो म्हणून त्याला टाळण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण सारी प्रगती त्याच्याच पानांवर दिसणार असते.

एकाच विषयाकडे रोज परतण्याचे सर्वांत विलक्षण उदाहरण जपानी चित्रकार होकुसाई याचे आहे. १८४२ आणि १८४३ या काळात, म्हणजे वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, तो अरिष्ट टाळण्यासाठी सकाळी शाईने एक सिंह काढत असे. हा सिंह पौराणिक होता, प्रत्यक्षातला नव्हे. पण नाचणारा, झोपलेला, गुरगुरणारा असा तो दरवेळी वेगळ्या ढबीत उतरला आहे. त्या चित्रांपैकी दोनशेहून अधिक आजही उपलब्ध आहेत. ठरलेला विषय, लहानसा कागद, शाई आणि सकाळची वेळ असे सारे आधीच निश्चित असल्यामुळे ‘आज काय काढू?’ हा प्रश्नच तेथे शिल्लक राहत नव्हता, आणि दीर्घ उपक्रमात हाच प्रश्न सर्वाधिक दिवस खातो.

नियम एका वाक्यात लिहावा

वहीच्या पहिल्या पानावर आपला नियम एका वाक्यात लिहून ठेवावा, उदाहरणार्थ: ‘आठवड्यातून तीन बैठका, प्रत्येक बैठक वीस मिनिटांची, निम्म्या बैठका प्रत्यक्ष प्राणी पाहून.’ हा नियम किरकोळ वाटतो, पण त्याने वर्षाला ५२ तास होतात. निम्म्या बैठका बुडाल्या तरी २६ तास हातात राहतात. रोज दोन तासांचा नियम करून दहाव्या दिवशी थांबणाऱ्याचे वीसच तास भरतात.

याच पानावर दोन पोटनियमही लिहावेत. पहिला असा की अगदी थकलेल्या दिवशी आठवणीतून काढलेले दोन मिनिटांचे रेखाटनही बैठक म्हणून धरले जाईल. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा आहे: बुडालेल्या बैठकांची भरपाई करायची नाही. चुकलेल्या सहा बैठका रविवारी एका दमात उरकण्याचा प्रयत्न केला की वही सावकारासारखी वाटू लागते, आणि सावकाराच्या दारावरून कोणी हौसेने जात नाही. आजारपण, प्रवास, परीक्षा किंवा कामाचा ताण यांमुळे महिनाभर खंड पडला, तर पुढच्या पानावर फक्त त्या दिवसाची तारीख घालावी आणि पुढे जावे.

साहित्याविषयी थोडक्यात

सुमारे १४८ × २१० मिलिमीटर, म्हणजे ए-५ आकाराची वही, दर चौरस मीटरला १०० ते १२० ग्रॅम वजनाचा कागद, एक २बी पेन्सिल आणि एक साधे बॉलपेन एवढ्यावर पहिले वर्ष उत्तम जाते. जलरंग वापरायचे असतील तर कागद दोनशे ग्रॅमच्या पुढचा घ्यावा, नाहीतर तो फुगतो. वही फार उंची नसावी. मला भेट मिळालेली सुरेख बांधणीची एक चित्रवही कित्येक वर्षे कोरी राहिली, कारण तिच्यात काढण्याच्या लायकीचे चित्र माझ्याकडे कधीच नसायचे. रबर पहिले काही महिने घरीच ठेवावे. चुकलेली रेषा तशीच राहू देऊन तिच्याशेजारी दुसरी काढली की चूक किती आणि कोणत्या दिशेला होती हे डोळ्यांना दिसत राहते.

झोपलेल्या प्राण्यापासून हलणाऱ्या प्राण्याकडे

पहिल्या महिन्यात झोपलेला किंवा रवंथ करत बसलेला प्राणीच घ्यावा. येथेही क्रम पाळावा. प्रथम पाठीच्या कण्याची रेषा, डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत, एकाच हालचालीत काढावी. तिच्यावर छातीचा पिंजरा आणि कटीचा भाग असे दोन अंडाकृती गोळे बसवावेत आणि त्यांच्यातले अंतर नीट पाहावे, कारण वळलेल्या किंवा मुटकुळे केलेल्या शरीरात हे दोन गोळे एकमेकांजवळ येतात आणि ताणलेल्या शरीरात लांब जातात. त्यानंतर डोक्याचा ठोकळा, मग पाय कोठे टेकले आहेत ते बिंदू, आणि सर्वांत शेवटी बाह्यरेषा. डोळे आणि मिशा यांपासून सुरुवात करण्याची सवय जवळजवळ प्रत्येकाला असते. त्यात होते असे की सुबक डोळा तयार होतो आणि शरीर मात्र कागदाच्या कडेला आखडून बसते.

दुसऱ्या महिन्यापासून हलणारा प्राणी घ्यावा, आणि येथे पद्धत बदलावी लागते. प्राणी हलला की चित्र संपले असे नवशिक्याला वाटते. वास्तविक प्राणी आपल्या मोजक्या पवित्र्यांकडे सतत परत येत असतात. अंग चाटणारे मांजर मान वळवते, थांबते, कान टवकारते आणि पुन्हा त्याच खांद्याकडे वळते. दाणे टिपणारे कबुतर खाली वाकते, डोके वर करते, दोन पावले टाकते आणि पुन्हा वाकते. म्हणून एका पानावर एकच चित्र मांडू नये. पान मनातल्या मनात पाच-सहा भागांत वाटावे. पहिल्या पवित्र्याच्या चार रेषा झाल्या आणि प्राणी हलला, तर ते चित्र तसेच सोडून दुसऱ्या जागी नवा पवित्रा सुरू करावा. प्राणी पहिल्या पवित्र्यात परतला की आपणही पहिल्या चित्राकडे परतावे आणि आणखी चार रेषा घालाव्यात. वीस मिनिटांत अशी सहा चित्रे थोडी थोडी पुढे सरकतात. त्यांतली चार अर्धवट राहिली तरी त्या पानावर प्राण्याच्या सवयी उमटलेल्या असतात, आणि त्या एका नेटक्या चित्रात कधीच सापडत नाहीत.

याच्या जोडीला आठवणीचा सराव ठेवावा. प्राण्याकडे दहा सेकंद नुसते पाहावे, पेन्सिल उचलू नये; मग डोळे मिटून ती ढब मनात उभी करावी आणि प्राण्याकडे न पाहता अर्ध्या मिनिटात ती काढावी. सुरुवातीला हाताशी काहीच लागत नाही. दोन-तीन महिन्यांत मात्र आपण नेमके काय पाहायला विसरतो हे ध्यानात येते: कोणी पायांचा क्रम विसरतो, कोणाला मान धडात कोठे शिरते हे आठवत नाही. आपली उणीव अशी नेमकी कळली की पुढच्या बैठकीचे काम आपोआप ठरते.

प्रत्यक्ष पाहून काढताना एक पथ्य पाळलेच पाहिजे. आपल्यामुळे प्राण्याचे वागणे बदलले, म्हणजे तो खाणे थांबवून आपल्याकडे टक लावू लागला किंवा सरकून बसला, तर आपण अति जवळ आहोत असे समजून मागे यावे. घरट्याजवळ थांबू नये आणि चांगली ढब मिळावी म्हणून खाऊ दाखवू नये.

शरीररचनेचा अभ्यास प्रश्नांतून करावा

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकांची प्रगती अडते, आणि ती अडते पायांशी. घोड्याचा किंवा मांजराचा मागचा पाय ‘उलट्या गुडघ्याचा’ आहे असे समजून काढला की तो लाकडी दिसतो. तो उलटा वाकलेला सांधा म्हणजे गुडघा नसून टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला असतो. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो तो सांधा रचनेच्या दृष्टीने मनगट आहे. माणूस आणि अस्वल पूर्ण तळपाय टेकून चालतात, कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात, तर घोडा, गाय, हरीण हे बोटांच्या टोकांवर, म्हणजे खुरांवर चालतात. आपलाच पाय आधी टाच टेकून, मग चवड्यावर, मग केवळ बोटाच्या टोकावर उभा केला आहे अशी कल्पना करून ही तीनही चित्रे शेजारी शेजारी काढावीत आणि प्रत्येकात गुडघा व टाच यांवर एकाच रंगाचे ठिपके द्यावेत. हे एक पान केल्यावर पायांबद्दलचा गोंधळ मोठ्या प्रमाणात मिटतो. बगळ्याच्या लांब पायाच्या मध्यावर जो सांधा दिसतो तोही घोटाच असून त्याचा गुडघा पिसांत दडलेला असतो.

दुसरी अडचण खांद्याची. कुत्रा, मांजर, घोडा यांचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेला नसतो. तो स्नायूंच्या आधाराने जणू टांगलेला असतो. घोड्याला गळ्याजवळची हासळी नसतेच आणि मांजराची हासळी अगदी बारीक व सुटी असते. त्यामुळे दबा धरून पुढे सरकणाऱ्या मांजराच्या पाठीवर खांद्याचे फरे आळीपाळीने वर येताना दिसतात. हे एकदा समजले की खांद्याशी कुठली रेषा वर उचलायची याचा अंदाज चुकत नाही.

मानेचेही तसेच आहे. जवळजवळ सर्व सस्तन प्राण्यांच्या मानेत सातच मणके असतात. जिराफही त्याला अपवाद नाही, त्याचे मणके फक्त लांबलचक असतात. म्हणून जिराफाची मान लांब तुकड्यांनी बनल्यासारखी, कमी ठिकाणी वाकणारी दिसते. हंसाच्या मानेत मात्र वीसहून अधिक मणके असल्यामुळे ती दोरीसारखी सहज वळते. जिराफाला हंसाची मान लावण्याची चूक माझ्या वहीत किमान चार वेळा झालेली आहे.

डोळ्यांच्या बाबतीत बाहुलीचा आकार पाहण्याची सवय लावावी. मांजराची बाहुली उजेडात उभ्या चिरेसारखी होते, वाघ-सिंहांची गोल राहते, तर शेळी, मेंढी आणि घोडा यांची आडवी असते. वाघाचे डोळे घरच्या मांजरावरून काढणाऱ्यांचा वाघ लहान का वाटतो, याचे एक कारण येथे आहे.

हा सारा अभ्यास एकदम उरकायचा नाही. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स याने अठराव्या शतकाच्या मध्यात एका शेतघरात राहून सुमारे दीड वर्ष घोड्यांच्या शवांचे विच्छेदन केले आणि त्यावर आधारित चित्रे १७६६ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याला तेवढ्या टोकाला जाण्याची गरज नाही. पण त्याने एकच प्राणी घेतला आणि थरामागून थर उलगडला, ही रीत आपल्यालाही लागू आहे. महिन्यातली एक बैठक सांगाड्यासाठी राखून ठेवावी आणि त्या महिन्यात ज्या सांध्याने त्रास दिला तोच सांधा त्या दिवशी काढावा.

हालचाल, चित्रफीत आणि छायाचित्र

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी चित्रफीत घ्यावी लागते. धावणाऱ्या घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे पसरलेले दाखवण्याचा प्रघात चित्रकारांत दीर्घकाळ होता. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज याने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी घोड्याच्या धावण्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, हे स्पष्ट झाले. आज मंद गतीची चित्रफीत कोणीही पाहू शकतो. ती थांबवत थांबवत आठ क्षणचित्रे एका पट्टीवर काढावीत, आणि मग तीच चाल पुन्हा प्रत्यक्ष पाहावी. आधी न दिसलेल्या गोष्टी आता दिसू लागतात. याच पद्धतीने बसलेला प्राणी कसा उठतो तेही काढून पाहावे: गाय आधी मागचा भाग उचलते, घोडा आधी पुढचे पाय रोवतो. उठण्याच्या अर्ध्या वाटेवरचे चित्र काढताना हा फरक ठाऊक नसेल तर सारे चित्रच खोटे ठरते.

छायाचित्राची सोय मोठी आहे, पण त्याचे दोषही ओळखून असावे. जवळून मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात नाक व जबडा फुगतात, धड लहान होते, आणि ते तसेच उतरवले की कुत्र्याचे चित्र विनोदी दिसते. शक्य असेल तेव्हा दुरून घेतलेली, एकाच प्राण्याची निरनिराळ्या बाजूंची तीन-चार छायाचित्रे समोर ठेवावीत आणि त्यांतल्या कोणत्याही एका कोनाची नक्कल न करता पाचव्या कोनातून तो प्राणी काढण्याचा प्रयत्न करावा. दुसऱ्याचे छायाचित्र जसेच्या तसे उतरवले असेल, तर ते सरावापुरते वहीत ठेवावे; प्रदर्शित करायचे किंवा विकायचे असल्यास छायाचित्रकाराची परवानगी घ्यावी. दुसऱ्याच्या नजरेवर किती विसंबावे याबद्दल जर्मन चित्रकार ड्यूरर याचे १५१५ मधले गेंड्याचे प्रसिद्ध काष्ठमुद्रण मोठे बोलके आहे. त्याने तो गेंडा स्वतः पाहिला नव्हता. चित्र कमालीचे जिवंत आहे, पण कातडीचे चिलखत झाले आहे आणि खांद्यांच्या वर एक छोटे जादा शिंग उगवले आहे.

प्रत्येक पानावरची नोंद

पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, बैठकीची मिनिटे आणि प्राणी कोणता एवढे लिहावे. त्यापुढे चित्र कशावरून काढले याची खूण करावी. मी प्रत्यक्षासाठी ‘प्र’, छायाचित्रासाठी ‘छा’ आणि आठवणीसाठी ‘आ’ अशी अक्षरे वापरतो. सहा महिन्यांनी या अक्षरांची मोजणी केली की आपण निम्म्या बैठका प्रत्यक्षात घेतो आहोत की आळसाने छायाचित्रांकडे घसरलो आहोत, हे लपत नाही.

शेवटची ओळ प्रश्नाची असावी. ‘कावळा चालताना आणि उड्या मारताना डोके वेगळे ठेवतो का?’, ‘मांजर बसल्यावर शेपटीचे मूळ नेमके कोठे असते?’ असा, त्या बैठकीत न सुटलेला एकच प्रश्न लिहावा. पुढच्या बैठकीला तेथूनच सुरुवात होते, आणि कोऱ्या पानासमोर बसून विषय शोधण्याची वेळ येत नाही. उपक्रम टिकवण्याच्या ज्या युक्त्या मी करून पाहिल्या, त्यांत या एका ओळीइतकी कोणतीच कामाला आलेली नाही.

अडल्यासारखे वाटू लागल्यावर

वर्षातून एकदोनदा तरी असा काळ येतो की सर्व चित्रे सारखीच वाईट दिसतात. पुष्कळदा हा काळ नजर हातापेक्षा पुढे गेल्याचा असतो. अशा वेळी प्राणी बदलू नये. बाकीच्या गोष्टींपैकी एकच बदलावी. पेन्सिलऐवजी जाड ब्रश आणि शाई घ्यावी, किंवा वीस मिनिटांऐवजी अर्ध्या अर्ध्या मिनिटाची चाळीस चित्रे काढावीत, किंवा आठवडाभर केवळ कान आणि पंजे काढावेत, किंवा कागदाकडे अजिबात न पाहता बाह्यरेषा फिरवावी. केसाळ प्राणी असेल तर एक पान फक्त केसांच्या दिशेचे करावे, बाणांनी. केस नाकापासून निघून कपाळावर, मानेवर आणि छातीवर कसे वळतात याचा नकाशा तयार झाला की प्रत्येक केस काढण्याचा शीण आपोआप टळतो.

चित्रे इतरांना दाखवायची की नाहीत हा स्वभावाचा प्रश्न आहे. दाखवायचीच असतील तर त्याच आठवड्यातली न दाखवता महिन्यापूर्वीची दाखवावीत. तोवर त्यांच्यातली आपली गुंतवणूक ओसरलेली असते आणि बोलणे ऐकून घेता येते.

आढावा आणि जतन

दर तीन महिन्यांनी एक ठरावीक परीक्षा घ्यावी: आपला रोजचा प्राणी, एकच ठरलेली ढब, संपूर्ण आठवणीतून, दहा मिनिटांत. मागच्या वेळचे पान आधी उघडू नये. चित्र झाल्यावर दोन्ही पाने शेजारी ठेवून काय सुधारले आणि काय होते तसेच राहिले ते दोन ओळींत लिहावे. बऱ्या-वाईट चित्रांची निवड करून वाईट पाने फाडण्याची इच्छा याच वेळी प्रबळ होते. पाने फाडू नयेत, कारण तुलना करायला पुढे तीच लागतात.

पेन्सिलीची पाने एकमेकांवर घासून काळवंडतात, म्हणून भरलेल्या वहीत पानांमध्ये पातळ कागद घालावा. फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पसरू नये म्हणून मारायचा द्रव, फवारायचे असेल तर मोकळ्या हवेत फवारावे. साध्या पेनांची शाई उजेडात फिकी पडू शकते, तेव्हा जपायच्या चित्रांसाठी रंगद्रव्याची, पाण्याने न पसरणारी शाई वापरावी. वही भरली की पाने ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करावीत, छपाईसाठी मोठी करायची असतील ती ६०० वर. फाइलीच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आकडे घालावेत म्हणजे सर्व चित्रे आपोआप काळानुसार लागतात, आणि एक प्रत संगणकाबाहेर ठेवावी.

नवी वही सुरू करताना जुन्या वहीतले न सुटलेले प्रश्न चाळावेत आणि त्यांतले जे अजूनही सुटलेले नाहीत ते नव्या वहीच्या दुसऱ्या पानावर उतरवून घ्यावेत. पहिले पान नियमाचे आहेच. माझ्या सध्याच्या वहीत असे अकरा प्रश्न आहेत, त्यांतले सात त्याच मांजराबद्दलचे आहेत.